इल्सानचं झेब्रा क्रॉसिंग: दिवे लावले मोबाईलवाल्यांसाठी, थांबले ड्रायव्हर

२०१९ च्या मार्चमधे दक्षिण कोरियातल्या इल्सानमधल्या एका झेब्रा क्रॉसिंगची बातमी जगभर फिरली होती. मोबाईलमधे डोकं घालून चालणाऱ्यांना वाचवायला रस्त्यातच दिवे बसवलेत, खांबावरून लेझर मारतात आणि वर फोनवर पण इशारा येतो, अशी ती बातमी. लोकांनी वाचली, हसले, "काय जमाना आलाय" म्हणाले आणि पुढची बातमी उघडली, ती पण बहुतेक चालता चालताच. मीही हसलो होतो. पण नंतर कधीतरी त्यातले आकडे परत नीट वाचले तेव्हा लक्षात आलं की त्यातला सगळ्यात कामाचा आकडा मोबाईलवाल्यांबद्दलचा नाहीच आहे, तो गाडी चालवणाऱ्यांबद्दलचा आहे, आणि मग हे प्रकरण जरा उसवून बघावंसं वाटलं. लेख लांबलाय, सांभाळून घ्या.

आधी जागा कुठली ते. इल्सान म्हणजे राजधानी सोलच्या वायव्येला साधारण ३० किलोमीटरवर, गोयांग शहरात. १९८९ मधे कोरियन सरकारनं सोलवरचा ताण कमी करायला पाच नवी शहरं जाहीर केली होती, त्यातलं हे एक. म्हणजे आधी कागदावर आखलेलं आणि मग बांधलेलं. ही सिस्टीम बनवणारी संस्था कोरिया इन्स्टिट्यूट ऑफ सिव्हिल इंजिनिअरिंग अँड बिल्डिंग टेक्नॉलॉजी, थोडक्यात केआयसीटी, तिचं मुख्य ऑफिस पण गोयांगमधेच आहे. म्हणजे प्रयोग स्वतःच्याच अंगणात केला. त्यात वावगं काही नाही पण ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माणसं. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेच्या २०१७ च्या आकड्यांप्रमाणे कोरियात ९४ टक्के प्रौढांकडे स्मार्टफोन होता, तेव्हा अमेरिकेत ७७ टक्के आणि जपानमधे ५९. अशा देशात रस्त्यावर खाली माना घालून चालणारी माणसं दिसणारच. त्यांना तिकडे स्मॉम्बी म्हणतात, स्मार्टफोन आणि झॉम्बी एकत्र करून बनवलेला शब्द, मूळचा जर्मनीतला, २०१५ मधे तिथे तरुणांचा वर्षातला शब्द म्हणून निवडला गेला होता. सोलनं २०१६ मधे गर्दीच्या पाच ठिकाणी "चालताना फोन बघू नका" टाईपच्या पाट्या लावून बघितल्या होत्या, काही फूटपाथवर चिकटवलेल्या, काही खांबावर वर टांगलेल्या. ज्याची नजर खाली आहे त्याच्यासाठी पाटी वर, आता काय बोलणार.

इल्सानमधे त्याच्या पुढचं पाऊल टाकलं गेलं. या सिस्टीमला डोळे दोन प्रकारचे, रडार सेन्सर आणि थर्मल कॅमेरे. रडारचा फायदा असा की ते समोरून येणाऱ्या वस्तूचं अंतर आणि वेग दोन्ही मोजतं आणि पाऊस असो, धुकं असो, अंधार असो, त्याला फारसा फरक पडत नाही. थर्मल कॅमेरा अंगाच्या उष्णतेवरून माणूस ओळखतो, म्हणजे काळे कपडे घातलेला माणूस रात्री साध्या कॅमेऱ्याला दिसला नाही तरी याला दिसतो. याची दुखरी बाजू उन्हाळ्यात. डांबर तापून माणसाच्या अंगाएवढं किंवा त्याहून गरम झालं की माणूस आणि रस्ता यांच्यातला फरकच कमी होतो आणि चित्र फिकट पडतं. म्हणून एकट्या एका सेन्सरवर भिस्त ठेवत नाहीत, दोघांची जोडी लावतात.

मग माणूस क्रॉसिंगला आला आणि गाडी पण येतेय असं कळलं की इशारा सुटतो, आणि तो एकाच वाटेनं सुटत नाही. जमिनीतले लाल, पिवळे, निळे एलईडी लुकलुकायला लागतात. खांबावरून लेझरचा झोत खाली पडतो. आणि ज्यांच्या फोनमधे त्यांचं अ‍ॅप आहे त्यांना स्क्रीनवर मेसेज येतो की बाबा रे तू रस्त्यात पाय टाकतोयस. शिवाय तेच लुकलुकणारे दिवे येणाऱ्या ड्रायव्हरला पण दिसतात, बातमीत हा भाग असाच जाता जाता आला होता. खर्च एका क्रॉसिंगला दीड कोटी वॉन, त्यावेळच्या भावानं साधारण १३,२५० डॉलर.

आता प्रश्न असा की खाली बघणाऱ्याला खालचा दिवा दिसतो का? डोळ्याला दिसतो, शंकाच नाही. नजरेच्या कडेला काही लुकलुकलं किंवा हललं की ते आपल्याला पटकन जाणवतं, डोळ्याची रचनाच तशी आहे, त्यामुळे स्थिर दिव्यापेक्षा लुकलुकणारा दिवा लावणं हे डोकं लावून केलेलं काम आहे. घोळ डोळ्यात नाहीये, घोळ पुढे आहे. अमेरिकेत वेस्टर्न वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीमधे आयरा हायमन आणि त्यांच्या टीमनं एक भन्नाट प्रयोग केला होता, २००९ मधे तो छापून आला. कॅम्पसमधल्या चौकात एका विदूषकाला एकचाकी सायकलवर फिरवलं, आणि चौक पार करून आलेल्यांना विचारलं की काही वेगळं दिसलं का, विदूषक दिसला का. फोनवर बोलत चाललेल्यांपैकी फक्त २५ टक्क्यांना तो दिसला होता. दोघं दोघं गप्पा मारत चाललेल्यांपैकी ७१ टक्क्यांना दिसला, म्हणजे नुसतं बोलण्यामुळे होतंय असं पण नाही. आणि हे लोक टाईप करत नव्हते हां, फोन कानाला होता, नजर समोर होती, तरी सायकलवरचा अख्खा विदूषक गायब. मग ज्याला विदूषक दिसत नाही त्याला चप्पलेशेजारचा लाल दिवा "दिसेल" पण मनावर घेईल याची खात्री कोण देणार. शिवाय तोंडावर तर स्वतःच्या फोनचाच उजेड पडलेला असतो, त्यात रंगीत, लुकलुकणाऱ्या गोष्टी कमी असतात का.

आणि सवय होते तो भाग वेगळाच. पहिल्या आठवड्यात माणूस दिवा बघून दचकेल, तिसऱ्या महिन्यात तो दिवा म्हणजे त्याच्यासाठी रस्त्याचा रंग. त्यात सेन्सरनं चार वेळा उगाच खोटा इशारा दिला, म्हणजे गाडी लांबच होती किंवा वळून गेली, तर पाचव्या खऱ्या इशाऱ्याला कोण विचारतो. लांडगा आला रे आला ही गोष्ट सेन्सरला पण लागू आहे.

अ‍ॅपचं तर मला आधीपासूनच पटलं नव्हतं. एक म्हणजे ते डाऊनलोड कोण करणार? ज्याला आपल्या या सवयीची काळजी वाटते तो. आणि ज्याला काळजी वाटते तो बहुतेक क्रॉसिंगला मान वर करतोच. दुसरं म्हणजे नेमकेपणा. साध्या फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली सुद्धा साधारण पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, उंच बिल्डिंगांच्या मधे आणखी बिघडतं, आणि फूटपाथ आणि रस्ता यातला फरक असतो एका पावलाचा. म्हणजे फोन एकट्याच्या जोरावर सांगूच शकत नाही की तुम्ही कडेला उभे आहात का उतरलात. इल्सानसारख्या ठिकाणी खांबावरचे सेन्सर लागतात ते यासाठी. अमेरिकेतल्या रटगर्स युनिव्हर्सिटीत तर यासाठी बुटात सेन्सर बसवून बघितले होते, फूटपाथच्या टोकाला जो उतार असतो तो पावलाच्या कोनावरून ओळखायचा, आयडिया झकास आहे पण रोज बूट चार्ज करणारा माणूस मला अजून भेटायचाय.

फोन कंपन्यांनी पण प्रयत्न केलेत. जपानच्या एनटीटी डोकोमोनं २०१३ च्या डिसेंबरात असं फीचर आणलं की चालताना स्क्रीन वापरायला गेलात की इशारा येऊन स्क्रीन अडवली जाते. गुगलनं २०२१ मधे हेड्स अप नावाचं फीचर आणलं, ते चालताना मान वर करायची आठवण करतं. दोन्ही चांगल्या हेतूनं केलेलं, पण चालू करायचं तुम्हीच आणि बंद करायचं पण तुम्हीच. ज्या फोननं माणसाचं लक्ष खेचून ठेवलंय त्याच फोनवर आणखी एक नोटिफिकेशन पाठवून लक्ष रस्त्यावर आणायचं म्हणजे आग विझवायला रॉकेल. निदान वाचायला तरी तो परत स्क्रीनकडेच बघणार ना!

तर एवढं सगळं झाल्यावर इल्सानच्या बातमीत यश म्हणून आकडा कुठला दिलाय? ८३.४ टक्के. आणि तो कशाचा? साधारण १,००० गाड्यांवर संस्थेनं चाचणी घेतली आणि त्यात लुकलुकणाऱ्या दिव्यांनी ड्रायव्हर सावध होण्याचं प्रमाण ८३.४ टक्के. ड्रायव्हर! स्मॉम्बींचा तसा आकडा त्या बातमीत नव्हताच. सिस्टीमचं नाव, फोटो, हेडिंग, विनोद सगळं मोबाईलवाल्यांवर आणि मोजमाप गाडीवाल्यांचं. मला आधी वाटलं ही बातमी लिहिणाऱ्याची गडबड असेल, पण नाही, विचार केला तर हेच बरोबर आहे. गाडी थांबली की माणूस वाचतो, मग त्याच्या हातात फोन असो नाहीतर भाजीची पिशवी.

त्याच बातमीत आणखी एक आकडा होता की २०१७ मधे कोरियात गाड्यांशी संबंधित अपघातात १,६०० हून जास्त पादचारी गेले, रस्त्यावरच्या एकूण मृत्यूंच्या साधारण ४० टक्के. स्मॉम्बीच्या बातमीत हा आकडा शेजारी ठेवला की वाचणाऱ्याला वाटतं हे सगळे फोन बघत होते. तसं अजिबात नाही, हा सगळ्या पादचाऱ्यांचा आकडा आहे. उलट कोरियात रस्त्यावर मरणाऱ्या पादचाऱ्यांमधे निम्म्याहून जास्त लोक ६५ वर्षांच्या वरचे होते. आता पासष्टीच्या पुढच्या आजी टाईप करत रस्ता ओलांडत होत्या असं तर कुणी म्हणणार नाही ना? त्या हळू चालतात, गाडी किती वेगात येतेय याचा अंदाज चुकतो, सिग्नलचा वेळ पुरत नाही. न्यूयॉर्कच्या वाहतूक विभागानं पण २०१९ मधे या विषयावर अहवाल काढला होता आणि त्यांना फोनमुळे पादचारी मोठ्या प्रमाणात मरतायत असा ठोस पुरावा काही सापडला नव्हता. म्हणून फोन बघत चालणं सुरक्षित आहे असा अर्थ नका काढू, विदूषकवाला प्रयोग आठवा. पण नुसता तोच एक व्हिलन नाहीये.

आणि इथेच मला या प्रकरणाची खरी गंमत वाटते. स्मॉम्बीच्या नावानं पैसे मंजूर झाले, त्या नावानं बातमी झाली, पण ड्रायव्हरकडे तोंड केलेल्या दिव्यांचा फायदा आजींना, शाळेतल्या पोरांना, काठीवाल्याला, सगळ्यांनाच. लेझर आणि अ‍ॅप काढून टाकलं तरी हा फायदा तसाच राहतो, हे बहुतेक कुणी मोठ्यानं बोलणार नाही कारण मग फोटो चांगला येत नाही.

थोडं गणित करू, कंटाळवाणं नाहीये. ताशी ५० च्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. ड्रायव्हरला दिवा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा, हे उदार मनानं धरलंय, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला साधारण आणखी १४ मीटर. म्हणजे २८ मीटर. ताशी ३० च्या वेगात तेच सगळं मिळून १३ मीटरच्या आसपास. म्हणजे ५० वाल्याचा पाय ब्रेकला लागेपर्यंत जेवढं अंतर जातं तेवढ्यात ३० वाला थांबून पण होतो. आता रस्ता ओलांडणारा माणूस बघा, तो चालतोय सेकंदाला सव्वा मीटर धरा, रस्त्याची एक लेन तीनेक मीटरची, म्हणजे फूटपाथवरून उतरल्यावर दुसऱ्याच सेकंदाला तो लेनच्या मधे. सेन्सरनं त्याचा पाय रस्त्यावर पडल्यावर इशारा दिला तर ५० वाल्यासाठी खेळ संपलेला असतो. तो कडेला येतोय हे आधीच ओळखायला पाहिजे, आणि आधी ओळखायला गेलं की खोटे इशारे वाढतात, कारण कडेला येऊन शहाण्यासारखे थांबणारे पण असतात. हा घोळ कुठल्याच सेन्सरनं पूर्ण सुटत नाही, वेग कमी केला की मात्र आपोआप सुटत जातो. कोरियानं १७ एप्रिल २०२१ पासून देशभर ५०३० नावाचा नियम आणला, शहरातल्या रस्त्यांवर ताशी ५० आणि घरांच्या, शाळांच्या भागात ३०. त्याला दिवे नाहीत की लेझर नाही, त्यामुळे तो फोटोत येत नाही.

मग पादचाऱ्याला सावध करणं फुकटच का? असं पण नाही, आणि त्यासाठी जर्मनीतलं आउग्सबुर्ग बघायला पाहिजे. तिथे एप्रिल २०१६ मधे दोन ट्राम स्टॉपजवळ फूटपाथच्या कडेला लाल दिवे बसवले, ट्राम आली की लुकलुकतात. त्याच्या महिनाभर आधी म्युनिकमधे कानात हेडफोन आणि नजर फोनमधे असलेली एक १५ वर्षांची मुलगी ट्रामखाली गेली होती. ट्रामचं कसंय, लोखंडी चाक लोखंडी रुळावर, ती गाडीसारखी पटकन थांबत नाही आणि बाजूला तर वळूच शकत नाही, ड्रायव्हरला कितीही लवकर कळलं तरी त्याच्या हातात फार काही नसतं. तिथे जो थांबू शकतो त्याला सांगणं भाग आहे आणि तो म्हणजे चालणारा. मोटारीच्या रस्त्यावर उलटं, तिथे ब्रेक ड्रायव्हरच्या पायाखाली आहे आणि त्याला वेळेत सांगितलं तर उपयोग आहे. सगळीकडे एकच दिवा चिकटवून चालत नाही एवढंच.

नेदरलँड्समधे बोडेग्रावेन गावात २०१७ मधे सिग्नलशी जोडलेल्या एलईडीच्या पट्ट्या जमिनीत टाकल्या, लाल सिग्नलला लाल, हिरव्याला हिरव्या. तेव्हा तिथल्या वाहतूक सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेनं आक्षेप घेतला की असं करून तुम्ही वाईट सवयीला बक्षीसच देताय. हा आक्षेप मला अर्धा पटतो. जमिनीतला दिवा हिरवा झाला की मान वर न करता निघायचं, अशी सवय लागू शकते, आणि सिग्नल तोडून येणारी गाडी त्या पट्टीला दिसत नसते. पण दुसऱ्या बाजूनं, सवय वाईट आहे म्हणून माणूस मरू द्यायचा का? सीटबेल्ट लावल्यामुळे लोक जोरात चालवतील असं म्हणून सीटबेल्ट काढून टाकले नाहीत ना.

दंडाचा रस्ता पण लोकांनी धरून बघितलाय. अमेरिकेतल्या होनोलुलूमधे ऑक्टोबर २०१७ पासून रस्ता ओलांडताना स्क्रीन बघितली तर पहिल्यांदा १५ ते ३५ डॉलर आणि वर्षात तिसऱ्यांदा सापडलात तर ९९ डॉलरपर्यंत दंड. जपानमधे यामातो शहरानं २०२० मधे चालताना फोन वापरायला बंदी घातली पण दंड ठेवला नाही, म्हणजे नुसतं "असं करू नये". यावर जास्त लिहीत नाही, तो वेगळा विषय होईल.

परत इल्सानला येऊ. मला जे खटकतं ते सांगतो. ज्यांनी बनवलं त्यांनीच तपासलं, तेही आपल्याच शहरात. ८३.४ टक्के म्हणजे हजारात साधारण १६६ गाड्यांवर परिणाम नाही, आणि त्या कुठल्या? जोरात येणाऱ्या असतील, ड्रायव्हर पण स्वतःच्या फोनमधे असेल, म्हणजे ज्यांच्यापासून खरा धोका आहे नेमक्या त्याच असू शकतात. "सावध झाला" म्हणजे काय, थांबला, का वेग कमी केला, का नुसतं बघितलं, या तिन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे. आणि नव्या चकचकीत दिव्याला लोक बिचकतातच, वर्षानंतर पण तेवढेच बिचकतात का हे महत्त्वाचं. जमिनीतल्या दिव्यांचे हाल वेगळेच, वरून चाकं जातात, पाणी शिरतं, धूळ बसते, थंडीत गोठतं, उन्हात तापतं. आणि पट्टीतला अर्धा भाग बंद पडला तर ते दिवा नसण्यापेक्षा वाईट, कारण माणसाला सवय झालेली असते की दिवा नाही म्हणजे गाडी नाही.

माझ्या हातात ते दीड कोटी वॉन असते तर मी अ‍ॅप आणि लेझर दोन्ही सोडून दिलं असतं. सेन्सर ठेवले असते, ड्रायव्हरकडे तोंड केलेले दिवे ठेवले असते पण क्रॉसिंगच्या अलीकडे तीसेक मीटरवर, जिथे दिसल्यावर थांबायला जागा उरते. क्रॉसिंग थोडं उंच केलं असतं म्हणजे गाडीला हळू व्हावंच लागतं, वीज गेली तरी. रडार तर तिथे बसवलेलंच आहे, त्यावरून प्रत्येक गाडीचा वेग रात्रंदिवस लिहून ठेवला असता, आणि मग वर्षभरानं, सगळ्यांना दिव्यांची पुरती सवय झाल्यावर, दिवे एक आठवडा गुपचूप बंद ठेवून परत मोजलं असतं, तेच क्रॉसिंग, त्याच गाड्या, तीच माणसं, आणि मग बघू ८३.४ मधलं किती शिल्लक राहतंय.